क्लीनर साइडचं पुढचं चाक नेमकं कशाने ओरडत होतं

गाडी ६ चाकी, १६ टनी, एअर ब्रेकवाली, पुढेमागे ड्रमच (ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारा लोखंडी डबा), आणि जुनी असल्यामुळे स्लॅक, म्हणजे ब्रेक घट्ट-सैल करायचे दांडे, पान्याने हातानेच सेट करायचे. धंदा कांद्याचा. निफाड तालुक्यातून भरायचा आणि घाट उतरून वाशी मार्केटला खाली करायचा, येताना मिळालं तर भाडं नाहीतर रिकामी. ड्रायव्हर मामा आमच्याकडे बरीच वर्षं आहेत, हात एकदम सॉफ्ट, त्यामुळे ते जेव्हा म्हणाले की क्लीनर साइडचं, म्हणजे डावीकडचं, पुढचं चाक ओरडतंय तेव्हा मी ते हलक्यात घेतलं नाही. पण जे करायला पाहिजे होतं ते पण केलं नाही, म्हणजे स्वतः जाऊन ऐकलं नाही, फोनवरच बोललो, गॅरेजला दाखवून घ्या. तिथूनच सगळा घोळ सुरू झाला.

मामांची तक्रार अशी की "ब्रेक मारला की चिर्रर्र असा आवाज येतो." आता हे एक वाक्य मिस्त्रीला सांगितलं की तो काय करणार, चाक खोलणार आणि लायनर (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारं अस्तर) बघणार, कोणीही तेच करेल. ड्रम काढला तर लायनरची जाडी भरपूर शिल्लक, रिव्हेट खोल आत, पण वरचा भाग काचेसारखा चकचकीत झालेला. मिस्त्री म्हणाला हेच ते, लायनर ग्लेज झालेत, चकचकीत लायनर ड्रमला नीट धरत नाही, घसरतो-पकडतो घसरतो-पकडतो असं करत थरथरतो आणि तीच थरथर म्हणजे आवाज. हे त्याचं खोटं नव्हतं बरं का, ब्रेकची किंचाळी अशीच तयार होते. त्याने पॉलिश पेपरने लायनर खरवडले, ड्रम आतून घासला, बसवून दिलं. दोन ट्रिपा गाडी गप्प. आम्ही खुश. तिसऱ्या ट्रिपेला परत तोच आवाज, उलट जास्त.

मग दुसरं गॅरेज. तिथल्या उस्तादने चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवलं, थोडा प्ले (ढिलेपणा) लागला, म्हणाला बेअरिंग गेलं. आतलं-बाहेरचं दोन्ही बेअरिंग नवीन, ऑइल सील नवीन, हब ग्रीस नवीन, मजुरी धरून चांगलाच खर्च. आवाज जसाच्या तसा! मला इथे थांबून एक सांगावंसं वाटतं कारण हा गोंधळ खूप लोकांचा होतो. चाकाचं टेपर बेअरिंग खराब झालं की ते सहसा असं किंचाळत नाही, ते घरघरतं, जात्यासारखं, स्पीड वाढला की घरघर वाढते, आणि वळणावर बदलते, म्हणजे उजवीकडे वळलात की वजन डाव्या चाकावर येतं तेव्हा डावं बेअरिंग जास्त बोलतं आणि डावीकडे वळलात की जरा शांत होतं. आमच्या आवाजाला वळणाशी काही देणंघेणं नव्हतं. आणि जो प्ले लागला तो हबचं नट किंचित टाईट करून पण गेला असता, पण तोवर पैसे देऊन झाले होते.

तेव्हा ठरवलं की पुढच्या ट्रिपला मीच बरोबर जाणार. कोणी काही बोलायचं नाही, कोणी काही बदलायचं नाही, फक्त आवाज कधी येतो आणि कधी जातो एवढंच वहीत लिहायचं. बरोबर घेतलं काय तर २० टनी बॉटल जॅक, दोन घोड्या (गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड), लाकडी ठोकळे, स्लॅकचा पाना, छोटा हातोडा, आणि ते पिस्तुलासारखं लांबून तापमान दाखवणारं मीटर, हल्ली ऑनलाइन स्वस्तात मिळतं.

गाव ते नाशिक काहीच नाही. गाडी भरलेली, १० टनाच्या आसपास माल, ब्रेक मारले, खड्ड्यात घातली, गोल फिरवली, एकदम गप्प. याचा पण उपयोग झाला बघा. किंगपिन (पुढचं चाक जिच्यावर वळतं ती पिन) कोरडी असती तर उभ्या उभ्या स्टेअरिंग फिरवताना कुरकुर आली असती. पाट्यांच्या (गाडीखालच्या कमानींच्या) पिना किंवा त्यांना जोडणारं शॅकल सुकलेलं असतं तर खड्ड्यात कुईं केलं असतं. फॅन बेल्ट असता तर तो इंजिनच्या रेसबरोबर ओरडला असता, चाकाबरोबर नाही, आणि सकाळी गार इंजिनला तर पहिलं तोच बोलतो. म्हणजे घाट उतरायच्या आधीच तीन संशयित बाहेर. इगतपुरीच्या पुढे घाटनदेवीला सगळ्या गाड्या थांबतात तशी आम्ही पण थांबलो, नारळ मामांनी फोडला, मी चारही बाजूच्या ड्रमचं तापमान घेतलं. पुढचे दोन्ही जवळपास सारखे, ५०-५५ च्या आत.

कसारा घाट उतरताना मामांनी नेहमीसारखी खालच्या गिअरमध्ये धरली, इंजिनवर गाडी रोखत, मधून मधून ब्रेक. अर्ध्या घाटापर्यंत शांत. मग एका मोठ्या ब्रेकनंतर चूं… चूं… चूं… असं सुरू झालं, तुटक, आणि इथे मला पहिल्यांदा कळलं की मामांनी सांगितलेलं वाक्य उलटं होतं. ब्रेक दाबलेला असताना आवाज येत नव्हता, सोडल्यावर येत होता! परत हलका पाय ठेवला की आवाज बंद, पाय काढला की दोन सेकंदात चालू. मामा म्हणाले, "मी तेच तर सांगतोय ना, ब्रेक मारला की येतो." त्यांच्या दृष्टीने बरोबरच, मारला आणि मग आला. पण "मारताना" आणि "मारून सोडल्यावर" यात सगळी केसच बदलते. मारताना ओरडलं तर लायनर, ड्रम, धूळ, सुटलेलं रिव्हेट अशा गोष्टी बघायच्या. सोडल्यावर ओरडतंय म्हणजे जे मागे यायला पाहिजे ते मागे आलेलं नाही.

घाट संपला, सपाट रस्ता लागला, आवाज चालूच. तिथे एक साधा हिशोब केला. टायर १०-२० साइजचा, एका फेऱ्यात साधारण ३.२ मीटर जातो. गाडी २० च्या स्पीडने चालली तर मिनिटाला ३३३ मीटर, म्हणजे चाकाचे १०४ फेरे. मामांना सांगितलं काटा २० वर धरा, मोबाइलवर ३० सेकंद लावले आणि चूं मोजले, ५०-५२ भरले. एका फेऱ्याला एक. म्हणजे आवाज चाकाबरोबर फिरणाऱ्या वस्तूचाच, प्रॉपेलर शाफ्टचा असता तर तो चाकापेक्षा कितीतरी पट जास्त फिरतो, मोजताच आला नसता. आणि एका फेऱ्याला एकदाच का, तर ड्रम कधीच शंभर टक्के गोल नसतो, त्याचा जो भाग जरा आत आलेला असतो तो लायनरला लागून जातो. लायनर जास्त जवळ आला की मग तुटक चूं चूं जाऊन सलग चीईईई होतं, आणि घाटाखालच्या खर्डी गावाच्या अलीकडे तेच झालं.

तापमानाचं सांगतो. घाटाच्या पायथ्याला थांबून घेतलं तेव्हा डावा १९०, उजवा ११०. एवढ्यावरून निकाल देऊ नये, कारण घाट उतरल्यावर सगळेच ड्रम तापतात आणि दोन बाजूंच्या सेटिंगमध्ये थोडा फरक असतोच. खरी गंमत खर्डीला. १५-१६ किलोमीटर सपाट रस्ता, ब्रेक जवळपास वापरलाच नाही, वारा लागत होता, उजवा उतरून ८० वर आला आणि डावा २०५. गार व्हायच्या ऐवजी चढला! ब्रेक न मारता ड्रम तापतोय तर कोणीतरी आतून ब्रेक मारूनच ठेवलाय. मीटर वापरताना दोन्ही बाजूंना एकाच जागेवर मारायचं, ड्रमच्या गंजलेल्या मॅट भागावर, चकचकीत लोखंडावर रीडिंग चुकतं. मीटर नसेल तर पाण्याचे थेंब टाका, एकीकडे नुसता ओला डाग राहतो आणि दुसरीकडे चर्र करून उडून जातो, हात लावून बघायचा शहाणपणा करू नका.

खर्डीला हायवेपासून आत एका ढाब्याच्या मैदानात गाडी लावली. मागच्या चाकांना दोन्ही बाजूने ठोकळे, हँडब्रेक ओढलेला. आमच्या गाडीत हँडब्रेकची स्प्रिंग मागच्याच चेंबरमध्ये आहे, पुढच्या चाकाचा तिच्याशी संबंध नाही, म्हणून हँडब्रेक ओढलेला असताना पण पुढचं चाक उचललं तर मोकळं फिरलं पाहिजे. जॅकने उचललं, अ‍ॅक्सलखाली घोडी घातली (नुसत्या जॅकवर भरलेल्या गाडीखाली हात घालणाऱ्यांना माझा लांबूनच नमस्कार), आणि चाक फिरवलं. दोघांनी जोर लावला तेव्हा घासत घासत अर्धा फेरा गेलं. उजवं उचलून बघितलं, एका हाताने फिरलं.

आता प्रश्न असा की लायनर ड्रमला चिकटून का राहिलाय. एअर ब्रेकमध्ये पेडल दाबला की हवा चेंबरमध्ये जाते, चेंबरचा रॉड बाहेर येतो, तो स्लॅकला ढकलतो, स्लॅक एस कॅम (टोकाला इंग्रजी एस आकार असलेला दांडा) फिरवतो, आणि कॅमच्या त्या एस आकारावर शूचे (लायनर ज्यांच्यावर बसतात त्या कमानींचे) रोलर चढतात म्हणून शू उघडतात. पेडल सोडला की हवा बाहेर, चेंबरची स्प्रिंग रॉडला आत ओढते, शूची स्प्रिंग शूला आत ओढते, कॅम उलटा फिरतो. यात अडकायच्या जागा दोनच प्रकारच्या, एकतर हवा सुटत नाहीये, नाहीतर हवा सुटली पण लोखंड अडकलंय. हवेचं म्हणाल तर पुढच्या दोन्ही चेंबरची हवा एकाच क्विक रिलीज व्हॉल्व्हमधून सुटते, तो बिघडला तर दोन्ही चाकं धरतील. आमचं एकच धरत होतं. मग राहिला डाव्या बाजूचा रबरी होज, तो कधीकधी आतून सोलला जातो, आतली साल झडपेसारखी वागते, हवा जाऊ देते पण येऊ देत नाही, बाहेरून होज एकदम चांगला दिसतो.

हे ओळखायला खोलाखोली लागत नाही. हवेचा काटा ८ किलोवर होता, मामांना सांगितलं दाबा, सोडा, आणि मी टॉर्च मारून रॉड बघत होतो. उजवा रॉड सोडल्याबरोबर टक्कन आत. डावा आत आला पण अर्धवट, साधारण बोटभर बाहेरच राहिला. मग इंजिन बंद, मामांना केबिनमधून खाली उतरवलं, कारण टाकीत हवा असते आणि माझा हात तिथे असताना चुकून पाय पडला तर बोटं जातील. स्लॅकच्या तोंडातली पिन काढली. पिन निघाल्याबरोबर रॉड सुर्रकन चेंबरमध्ये गेला, आणि स्लॅक होता तिथेच उभा. झालं, हवा सुटलेली होती, होज निर्दोष, चेंबर निर्दोष. अडकलाय तो कॅम. स्लॅकला हातोड्याने हलकी थाप दिली तर खट् करून मागे गेला आणि चाक एका हाताने फिरायला लागलं. आवाज शोधायला आम्ही महिनाभर घालवला होता आणि ही टेस्ट पाऊण तासात झाली, तीही चहा धरून.

चहा पिताना अजून एक गोष्ट बाहेर आली. मी मामांना विचारलं की पहिल्या मिस्त्रीने लायनर घासल्यावर दोन ट्रिपा आवाज नव्हता ना, मग तिसऱ्या ट्रिपेच्या आधी तुम्ही काही केलं होतं का. म्हणाले, काही नाही, गाडी ब्रेकला उजवीकडे ओढायला लागली होती म्हणून इगतपुरीला क्लीनर साइडचा स्लॅक थोडा टाईट केला. अहो मामा!! म्हणजे मिस्त्रीने ड्रम काढायला स्लॅक सैल केला आणि बसवताना तसाच सैल ठेवला, शू आणि ड्रममध्ये गॅप जास्त राहिला, त्यामुळे कॅम अडकत होता तरी शू ड्रमपर्यंत पोचत नव्हता. म्हणून आवाज बंद. आणि डावा ब्रेक उशिरा लागायचा म्हणून गाडी उजवीकडे ओढायची. मामांनी तो टाईट केला, गॅप बरोबर झाला, आणि लपलेला आजार परत बाहेर. घासण्याने काहीच झालं नव्हतं, चकचकीत लायनर हे कारण नव्हतंच, सतत घासून तापल्यामुळे ते तसे झाले होते. मिस्त्रीला मी दोष देत नाही, त्याच्या दारात गाडी गार होऊन यायची, गार झाली आणि रस्त्यात चार खड्डे खाल्ले की कॅम आपोआप सुटलेला असायचा, त्याला बिचाऱ्याला मोकळं फिरणारं चाकच दिसायचं. माझी तक्रार एवढीच की आवाज गेला तेव्हा का गेला हे आमच्यापैकी कोणीच विचारलं नाही.

तिथून पुढे डावा स्लॅक थोडा सैल करून, चाळीसच्या वर न जाता, भिवंडी बायपास, मुंब्रा बायपासच्या उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये, असं करत माल वाशीला खाली केला. ब्रेक एका बाजूला कमी असताना भरलेली गाडी चालवणं बरोबर नाही हे मान्य, पण पुढे मोठा घाट नव्हता आणि कांदा दुसऱ्या गाडीत भरायचा तर हमालीच जीव घेते. येताना रिकामी होती.

गावाकडे येऊन कॅम बाहेर काढला. निघेना. स्लॅक दात्यांवरून ओढून काढला, लॉक काढलं, तरी कॅम बुशमध्ये (तो ज्यात फिरतो त्या नळीत) एवढा घट्ट की लाकूड ठेवून ठोकावा लागला. आतल्या बुशला ग्रीसचा टिपूस नाही, लाल गंज आणि वाळलेला चिखल, कॅमच्या दांड्यावर ओरखडे. आणि गंमत अशी की गाडीचं ग्रीसिंग वेळेवर होत होतं, पावत्या आहेत माझ्याकडे! मग निपल (ग्रीस भरायचं तोंड) काढून बघितलं तर त्याचं भोक दगडासारख्या मातीने बंद. सर्व्हिसिंगवाला पोरगा ग्रीस गन लावायचा, ग्रीस निपलच्या बाजूने बाहेर यायचं, त्याला वाटायचं भरलं, पुसायचा आणि पुढच्या निपलकडे. बाहेरून सगळं ग्रीसने माखलेलं आणि आत वाळवंट. वर प्रेशरच्या पाण्याने खालून गाडी धुवायची आमची हौस, त्याने होतं नव्हतं तेही धुऊन गेलं. गार असताना तो कॅम कसाबसा फिरायचा, पण घाटात जोराचा ब्रेक लागला की नेहमीपेक्षा जास्त फिरायचा, न वापरलेल्या गंजक्या भागावर जायचा, वरून लोखंड तापून फुगायचं आणि तिथेच बसायचा.

दोन्ही बुश नवीन, कॅमचे ओरखडे बारीक पॉलिश पेपरने काढले, कॅमचा एस भाग आणि दाते झिजलेले नव्हते म्हणून कॅम तोच ठेवला, शूचे रोलर एका बाजूने चपटे झाले होते ते बदलले. शूच्या स्प्रिंगा मात्र दोन्ही चाकांच्या बदलल्या, कारण डावीकडची स्प्रिंग तापून तापून निळसर पडून सैल झाली होती, आणि एका बाजूला नवी एका बाजूला जुनी ठेवली तर परत ओढाओढी. लायनरचा चकचकीत थर काढला, ड्रमवर काळे-निळे डाग होते, लेथवर हलका कट मारून घेतला. लायनरची धूळ हवेने उडवू दिली नाही, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं आणि आता कशात काय असेल कोणाला माहिती, ओल्या फडक्याने पुसलं. नवं निपल लावून आम्ही स्वतः ग्रीस मारलं, बुशच्या कडेतून ताजं ग्रीस डोकावेपर्यंतच, कारण उत्साहाने गन मारत सुटलं तर ते आत कॅमच्या तोंडातून ड्रममध्ये जातं आणि लायनर ग्रीसने भिजला की मग तो ब्रेकच राहत नाही. सगळं सामान मिळून बेअरिंगच्या निम्म्यात झालं.

शेजारच्या पोराचं पिकअप पण पुढून किंचाळायला लागलंय, तो लगेच आला, दादा माझा पण कॅम बघा. त्याला म्हणलं तुझ्या गाडीला पुढे डिस्क आहे, कॅमच नाही. त्यात पॅडला पत्र्याची एक छोटी जीभ असते, पॅड झिजला की ती डिस्कला लागून मुद्दामच ओरडते, तू पॅड बघ आधी, आणि पॅड जाड असेल तर कॅलिपरच्या पिना हलतात का ते बघ. पॅड कागदासारखे झाले होते त्याचे.

पुढच्या ट्रिपला मी गेलो नाही, मामांकडे मीटर दिलं आणि फोटो पाठवायला सांगितले. घाट उतरून डावा १२५, उजवा ११८, खर्डीला डावा ८४, उजवा ८१. आवाज नाही. उजवीकडचा कॅम अजून खोललेला नाही, तिथलं निपल मात्र काढून बघितलं, अर्धं बंद होतं, पुढच्या आठवड्यात मार्केट बंद असेल त्या दिवशी तो पण काढणार. आणि उस्तादने काढून टाकलेलं ते जुनं बेअरिंग मी डिझेलमध्ये धुऊन बोटाने फिरवून बघितलं, ना खड्डा ना घरघर. ग्रीस लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून मामांच्या सीटखाली ठेवलंय, स्पेअर म्हणून.